बोटाला लागलेली फाक

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. आईला सांगीन म्हणत होते, तोवर ती गेली. आता तुम्हाला सांगतेय, तर दार लोटून घेतलंय. घरात कुणी नसताना — कशाला, कुणास ठाऊक.

लहान मुलांचा खाऊ करण्यात माझा हात चांगला, असं आमच्या नारायणगावच्या मळ्यात सगळे म्हणायचे. चूल न पेटवता होणारे लाडू — खारकेची पूड, डाळ्याचं पीठ, दाण्याचं कूट, किसलेला गूळ, वर चमचाभर तूप. दुकानातल्या बिस्किटांपेक्षा हे बरं, पोरं बाळसं धरतात, असं मी ऐटीत सांगायचे. नवी सून होते. कौतुकाची भूक होती.

त्या उन्हाळ्यात — बारा-तेरा वर्षं झाली असतील — वन्सं, म्हणजे नवऱ्याची बहीण, माहेरपणाला आल्या. सोबत त्यांचा ओंकार. दीड वर्षाचा, पुढचे दात तेवढे आलेले. मी लाडू करायला बसले आणि लाइट गेली. मिक्सर बंद. मग भाजलेले दाणे खलबत्त्यात कुटले. बाहेरून वन्संची हाक — "शोभा, झालं का गं? पोरगं भुकेलंय." मी घाई केली.

बाहेर ओट्यावर माझी थोरली जाऊ, सुनंदाताई, बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिला मूलबाळ नव्हतं. ओंकार आला की तिच्याच मांडीवर. लाडू तिनंच मोडून भरवला.

एक ठसका ऐकू आला. मग काहीच नाही — ते काहीच नाही मला अजून ऐकू येतं. बाहेर आले तर त्याचे ओठ काळेनिळे. सुनंदाताईनं त्याला पालथा धरून पाठीत थापट्या मारल्या. श्वास आला, पण शिट्टीसारखा. शेजारच्यांची जीप काढली. गावातल्या डॉक्टरांनी हात लावला नाही, थेट पुण्याला न्या म्हणाले. वन्सं आणि पुरुषमाणसं गेली. आम्ही तिघी बायका घरात राहिलो.

मी घाबरले होते. पोरासाठी? हो. पण तेवढ्याचसाठी नाही. देवापुढे बसलेल्या सासूबाईंची पाठ दिसली, तशी मी उरलेले लाडू पदराखाली घेतले, गोठ्यात गेले आणि गाईच्या आंबोणात कुस्करले. कुस्करताना बोटांना आणखी फाका लागल्या. अर्धे दाणे, टणक. गाईनं सगळं चाटून खाल्लं. मी तिथंच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला — श्वासनळीतून शेंगदाण्याची फाक काढली, पोर वाचलं. सासूबाईंनी हात जोडले. मग माझ्याकडे वळल्या.

"लाडवात दाणा व्हता का गं?"

"न्हाई आत्या. मी कूट चाळून घेतलं व्हतं. ताई तिथं शेंगा फोडत व्हत्या…"

एवढंच. पुढचं वाक्य मी पुरं केलंच नाही. त्यांनी केलं.

सुनंदाताई भांडेल, लाडू दाखव म्हणेल, याची मला भीती होती. पण ती खाली बघत म्हणाली, "माझंच ध्यान न्हाई ऱ्हायलं. उचलला आसंल त्यानं." तिला ते खरं वाटलं — कळतंय का तुम्हाला? माझं खोटं तिनं स्वतःचं करून घेतलं.

मघाशी म्हटलं, मी घाई केली. तेही तसं नाही. लाडू वळताना एक फाक माझ्या बोटाला लागली होती. मला ती नीट कळली होती. काढायची तर लाडू मोडावा लागला असता. मी तो तसाच वळला, गोल केला आणि ताटलीत सगळ्यांत वर ठेवला.

त्यानंतर कुणी सुनंदाताईच्या मांडीवर पोर दिलं नाही. "स्वतःला असतं तर कळलं असतं," असं बायका तिच्या कानावर जाईल असं बोलायच्या. माझी मुलगी झाली तेव्हा ती दारात उभी राहून बघायची, हात पदरात गुंडाळून. "घ्या ना ताई" म्हणायला मला काय झालं होतं? भीती वाटायची. एकदा पोर तिच्या हातात दिलं, तर बाकीचंही तोंडातून बाहेर पडेल.

गेल्या मे महिन्यात ओंकार आला होता. आता शाळेत जातो, क्रिकेट खेळतो, त्याला यातलं काही आठवत नाही. ओट्यावर सुनंदाताईनं त्याला जवळ बसवलं. मी आत होते, मधे नुसती भिंत.

"बाळा," ती म्हणाली, "माझ्या चुकीनं तुझा जीव जात व्हता. लई वर्सं सांगायचं व्हतं. मला माफ कर."

तो लाजून हसला. "जाऊ द्या ना मामी," म्हणाला.

मी सगळं ऐकलं. बाहेर आले नाही.