दोन काट्यांमधला फरक

परवा परळला आमच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये शिरलो आणि ओल्या वाळूचा, क्लोरीनचा वास आला. कितीतरी वर्षांनी लालबागचा तो कपडे रंगवायचा कारखाना आठवला.

तिथे मी आणि सुनंदा पाण्याच्या फिल्टरवर कामाला होतो. फिल्टरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, असे प्रेशरचे दोन गेज होते. त्यांच्या काट्यांमधला फरक वाढला, की आतली वाळू तुंबली असं समजायचं. डिप्लोमा माझ्याकडे होता, पण साहेब विचारायचे तिलाच. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका दुपारी ती डबा खायला गेली आणि फरक वाढू लागला. पाण्याचा प्रवाह मंदावला. मी निदान हाक तरी मारायला हवी होती. पण फिल्टर त्या दिवशी तिच्याकडे होता, बोलणी तिलाच बसणार होती. मी काट्यांसमोर गप्प बसून राहिलो.

ती आली, तिने माझ्याकडे आणि काट्यांकडे बघितलं आणि उष्ट्या हातानेच व्हॉल्व्ह फिरवून फिल्टर धुवायला घेतला. गढूळ पाणी धो धो बाहेर पडलं. तेवढ्यात साहेब आले.

"कुणाच्या लक्षात आलं?"

"ह्याच्या. ह्यानेच हाक मारली मला."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. मला आता तिच्या मोठ्या मनाचाही हेवा वाटला.

साहेब गेल्यावर हात पुसत ती हळूच म्हणाली, "उद्या मात्र खरंच हाक मार रे."

तेव्हा तो मला टोमणा वाटला होता. पण आज उमगतं, सगळं कळूनही उद्या माझ्याच सोबत काम करायचं, हे तिने गृहीतच धरलं होतं.