दादाच्या कॉम्प्युटरवर आज मी काय केलं

मी इथे फारसं लिहीत नाही. आज सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दादा जाऊन बारा दिवस झाले. रविवारी नाशिक रोडला घरीच पुण्यानुमोदन, म्हणजे त्याच्या श्रद्धांजलीचा विधी आहे. त्यासाठी त्याच्या कॉम्प्युटरमधून चांगला फोटो काढायला सकाळी बसलो.

फोटो राहिले बाजूला. त्याचं नवं ग्राफिक्स कार्ड बघून मी गेम लावला. तो अडखळत होता, म्हणून नेटवरून बीटा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं पण अजून चाचणीतच असलेलं सॉफ्टवेअर उतरवलं. त्याला कंपनीची खात्री देणारी डिजिटल सही नव्हती, त्यामुळे सिस्टीमने ते अडवलं. मी सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे ती राखणच, बंद केली.

पुन्हा सुरू केल्यावर कॉम्प्युटर रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा लांबलचक आकडा मागू लागला. ती फक्त दादाकडे होती. सगळे फोटो आत अडकले.

घाबरून मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "अरे शहाण्या, जे बंद केलंस ते आधी चालू कर."

केलं. कॉम्प्युटर उघडला, फोटो जागेवर होते.

तेवढ्यात आई शेजारच्या मावशींना म्हणाली, "सकाळपासून जागचा उठला नाही बघा. भावासाठी लय जीव तुटतो त्याचा."

 मी फोटो निवडायला लागलो.

तिला खरं सांगू का? तुम्ही सांगितलं असतं?