करवंटीभर गोड पाणी

जाळी विणणाऱ्या बाईला अख्खी वस्ती 'करवत' म्हणायची. त्या दिवशी करवत धाकट्या दिरावर चालली.

किनाऱ्यापासून समुद्रात बरंच आत, प्रवाळाच्या खडकावर पांढऱ्या वाळूचं एक बेट आहे. बेट कसलं, भरतीला जेमतेम चार शेतांएवढं उरतं. थोडी झुडपं, पुष्कळ पक्षी, वस्ती नाही. पण मधोमध गुडघाभर खड्डा आहे, तिच्या सासऱ्यांनी खणलेला. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत राहतं. ते करवंटीने हलकेच काढायचं. इंजिन बंद पडलेल्या किती होड्यांना त्या पाण्याने तगवलं होतं. आता तिचा मुलगा त्याच बाजूला मासेमारीला जायचा.

दिराने मात्र बेटावर सहलीचे पाहुणे न्यायला सुरुवात केली आणि त्यांच्या अंगाचं मीठ धुवायला खड्ड्यात पंप सोडला.

"पंप काढा, भाऊजी," ती दारातूनच म्हणाली. "साय ओरबाडलीत तर खालचं खारं वर येईल."

"वहिनी, तिथे काळं कुत्रं नाही. पाणी राखायचं कुणासाठी?"

"जो अडकेल त्याच्यासाठी."

"त्याच्या खिशात फोन असतो हो. तुम्ही आपली जाळी विणा."

पाऊस सरला आणि तिच्या मुलाचीच होडी तिथे अडकली. फोन भिजलेला. दुसऱ्या होडीने त्याला ओढून आणलं तेव्हा ओठ फुटले होते, जीभ सुजली होती. त्याने खड्ड्यातलं पाणी डब्यात भरून आणलं होतं. तिने एक घोट घेतला आणि थुंकला.

तोच डबा घेऊन ती दिराच्या स्वयंपाकघरात शिरली. जावेला म्हणाली, "बाजूला सर, आज चहा मी करते."

दिराने पहिला घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"गिळा," ती म्हणाली. "तुमचा पुतण्या हेच प्यायला."

त्याने कप खाली ठेवला. जावेने तो उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "पंप आजच काढून आणा."

पंप निघाला, पाणी खारटच राहिलं. आता दिराच्या प्रत्येक फेरीला ती धक्क्यावर उभी असते. आधी गोड्या पाण्याचे डबे चढतात, मग पाहुणे. ते डबे त्याने स्वतः बेटावर झुडपांच्या सावलीत ठेवायचे.

"पाहुण्यांना जागा उरत नाही, वहिनी."

"मांडीवर घ्या."

"आता तरी राग सोडा."

"खड्डा गोड होऊ दे," ती म्हणाली आणि पुढचा डबा त्याच्या हातात दिला.