शुक्रवारची मंगळागौर

माघात पिंगावहिनींचे पती वारले. चैत्रात समुपदेशन सुरू झाले. श्रावणात त्यांना मंगळागौरीच्या खेळांतून वगळण्यात आले. भाद्रपदात त्यांनी बहरीन सोडले. पहिल्या घटनेस कोणी जबाबदार नाही. दुसरीबद्दल मी आमच्या मंडळाचे आभारच मानले होते. उरलेल्या दोन्हींस मंडळाचे अध्यक्ष आणि सांस्कृतिक प्रमुख हे दोघे जबाबदार आहेत, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

साठीला टेकलेल्या या देवरुखच्या बाई फुगडी धरत, तेव्हा पंचविशीच्या मुली "खलास, काकू, खलास!" असे ओरडत. वहिनी हात सोडत नसत. "अजून चेहरा दिसतोय तुझा. दिसेनासा झाला की थांबू!" येथील कितीतरी मराठी बायकांना पिंगा त्यांनीच शिकवला. अध्यक्षांच्या पत्नीसही.

पती गेल्यावर त्या रडल्या नाहीत, नुसत्या थिजल्या. मंडळाने अमवाजमधील एक समुपदेशक मिळवून दिली. मुलगी गुणी होती. मी वहिनींना गाडीने नेत असे. परतताना त्या म्हणत, "भावजी, ती विचारते, आत काय वाटतंय? मी म्हटलं, बाळ, वाटत असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते?" अखेर त्या मुलीनेच प्रामाणिकपणे सांगितले, "बोलून सगळ्यांचं सुटत नाही, काका. यांचं मन आधी कशात रमायचं?"

त्या शुक्रवारी सनद भागातल्या आमच्या घरात सौभाग्यवतींनी गालिचा गुंडाळला आणि हात पुढे केले. वहिनी आधी नको म्हणाल्या. मग घुमल्या, आणि घुमता घुमता खाली बसून इतक्या मोठ्याने रडल्या, की खालचा शेजारी धावत वर आला. "मफी मुश्किल, भाई, काही झालेलं नाही," डोळे पुसत त्यांनीच त्याला सांगितले. मग चहा मागितला. "पोटऱ्यांत साचलं होतं हो सगळं. तोंडावाटे कसं निघणार?" पुढे दर शुक्रवारी गालिचा गुंडाळला जाऊ लागला. वहिनी जेवू लागल्या, भांडू लागल्या.

श्रावणात त्या मंडळाच्या सरावाला आल्या. सांस्कृतिक प्रमुख गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही बसून बघा ना. हे सुवासिनींचं असतं. हवं तर काउन्सेलिंग आणखी वाढवून देऊ." अध्यक्ष मोबाईलमध्ये पाहत राहिले. वहिनींच्या पतीच्या अंत्ययात्रेत मला खांद्याला धरून चालवणारा हाच माझा मित्र.

मी विचारले, "मंगळागौर मंगळवारची. आपण ती हूरामधल्या हॉटेलात शुक्रवारी करतो, कारण मंगळवारी सुट्टी नसते. वार हलवताना शास्त्र कुठे गेलं होतं?"

"सोय वेगळी, शास्त्र वेगळं, साहेब," अध्यक्ष म्हणाले. "यल्ला, सुरू करा."

त्यानंतर वहिनींनी आमच्याकडेही फुगडी धरली नाही. "नको हो. माझा हात धरणारीलाही बोल लागेल." त्यांचा मुलगा येथेच नोकरीला आहे, त्याने त्यांच्या व्हिसाची सोय केली होती. तरीही त्या गेल्या. विमानतळावर एवढेच म्हणाल्या, "मंडळानं बोलायला माणूस दिलं, भावजी. घुमायला हात नाही दिला."

अध्यक्षमहोदय, 'आपण खासगीत बोलू' हा आपला निरोप मी नाकारतो. वार्षिक सभेत, माईकसमोर, वहिनींकडून फुगडी शिकलेल्या बायका पुढच्या रांगेत बसलेल्या असताना सांगा: मंडळाच्या घटनेतील कोणत्या कलमाने आपण एका बाईचे औषध काढून घेतलेत?