चढावर बॉनेट काढून

माझी जीप मूळची पेट्रोलची. तिचं इंजिन काढून तिच्यात डिझेलचं बसवलेलं. त्या काळी आमच्याकडे निम्म्या जीपा अशाच होत्या. मोबाईल अजून आमच्यापर्यंत पोचायचे होते, तेव्हाची गोष्ट. घोडेगाव ते तळेघर मी माणसं वाहायचो. एसटी आली तर आली, म्हणून डोंगरातल्या लोकांना आम्हा सात जीपवाल्यांचाच आधार. स्टँडवर गाडी भरायचे आमच्यात नंबर ठरलेले होते. नंबर गेला की धंदा गेला.

एका हिवाळ्यात डिंभ्याच्या पुढच्या चढाला माझी जीप धापा टाकायला लागली. मागून काळाकुट्ट धूर निघायचा आणि अर्ध्यावर गाडी रांगायची. मग मी माणसं उतरवायचो. बाया डोक्यावर बोचकी घेऊन मागून चालत यायच्या आणि वर आल्यावर पुन्हा बसायच्या. आधी त्या हसल्या, मग कुरकुरल्या, मग सरळ दुसऱ्या जीपची वाट बघायला लागल्या. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरनं मला बाजूला घेतलं. बाजाराच्या दिवशी भरल्या गाडीनं चढ चढून दाखव, नाहीतर नंबर सोड, असं स्पष्ट सांगितलं.

मी पडलो तापट. मंचरला दोन मेकॅनिक केले, दोघांशीही भांडून आलो. एकानं नोझल बदलले, दुसऱ्यानं पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं. धूर तेवढा वाढला. बायको रोज म्हणायची, माझ्या भावाला दाखवा. तो निरगुडसरचा, साखर कारखान्यात फिटर. ऊस पिळणाऱ्याला जीपमधलं काय कळतंय, असं म्हणून मी तिला गप्प करायचो. खरं सांगायचं तर जावई असून मेव्हण्यापुढं नाक खाली करायचं माझ्या जिवावर आलं होतं. बाजार दोन दिवसांवर आला तेव्हा झक मारत निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी तो सुट्टी टाकून पहिल्या एसटीनं आला. स्टँडवर जीप चालू करायला लावली आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाला लावली. असं चारी सिलिंडरवर ऐकलं. आतून इंजिन चांगलं आहे म्हणाला. मी उसळलोच. चांगलं आहे तर मग चढत का नाही? तो उलट मलाच विचारायला लागला. धूर गाडी उभी असताना येतो का चढाला? रिकामी असताना येतो का भरल्यावर? निघाल्या निघाल्या येतो का तापल्यावर? इतके दिवस हे मला कुणी विचारलंच नव्हतं. भरून, चढाला, तापल्यावर, असं मी सांगितलं. मग तिथंच बघू, म्हणाला.

त्यानं बॉनेट काढून स्टँडवरच ठेवलं. मला माणसं भरायला लावली आणि स्वतः पुढच्या मडगार्डवर बसला, एक हात काचेच्या चौकटीला. हा पडला तर? बायकोचा एकुलता भाऊ! पण गडी इंजिनवरची नजर काढायला तयार नाही. चढ लागला, धूर सुटला, आणि त्यानं मला थांबायची खूण केली.

"दाजी, नदीवरच्या मोटारीला सक्शनला कोणता पाइप लावता?"

कडक, आत तार असलेला, मी म्हणालो. हे काय विचारणं झालं?

"मग हितं डिलिव्हरीचा का लावलाय?"

हवेच्या फिल्टरपासून इंजिनला जाणारा पाइप पावसाळ्यात फाटला होता. मीच शेतातल्या, मोटारीतून पाणी पुढं सोडायच्या डिलिव्हरी पाइपचा मऊ तुकडा कापून तिथं बसवला होता. उभ्या गाडीत तो गोल दिसायचा. चढाला इंजिन जोरात हवा ओढायचं आणि तापलेला पाइप आत चिकटायचा. हवा बंद, डिझेल चालूच, म्हणून धूर. अख्खी हयात नदीवरून पाणी ओढण्यात गेली आणि ओढायच्या बाजूला मी मऊ पाइप लावला! आमच्याकडचं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही.

संध्याकाळपर्यंत त्यानं सक्शनच्या पाइपचा तुकडा क्लिपा लावून घट्ट बसवला. फिल्टर धुतला. टॅपेट सेट केले. वाढवलेलं डिझेल थोडं थोडं कमी करत, दरवेळी रेस देऊन, धूर बघत, कान लावून बसला. बोटं काय सांगू त्याची! कारखान्यातल्या अवजड कामाची जाड बोटं, पण स्क्रू फिरवताना हळद लावायला बसल्यासारखी हलकी. आवाज गोल झाला तसा हात काढून घेतला. मला त्याचा फार अभिमान वाटला.

बाजाराच्या दिवशी जीप खच्चून भरली. जुना ड्रायव्हर पुढं बसला, मेव्हणा मागं लटकला. चढाला एकही माणूस उतरलं नाही. गाडी गाणं म्हणत वर गेली. तळेघरला उतरल्यावर जुन्या ड्रायव्हरनं माझ्याकडं बघून विचारलं, काय होतं रे? माझी मान खाली गेली. डिलिव्हरीचा पाइप म्हटलं असतं तर सगळा स्टँड वर्षभर मला हसला असता. तेवढ्यात मागून मेव्हणा बोलला.

"दाजींनीच शोधलं. मी नुसता पाना धरला."

माझा नंबर राहिला. आणि मी, एवढा तोंडाळ माणूस, गप्प उभा राहिलो. लाज वाटली, अजून वाटते.

परतताना जीप रिकामी होती. माझ्या गाडीला मी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, तू चालव, आजपासून ही तुझीही गाडी.

तो किल्लीकडं बघत राहिला. मग लाजत माझ्या हातात परत देत म्हणाला,

"मला गाडी चालवता येत न्हाई, दाजी."