पालथा पेला

मुलांनो, तुम्ही पाठवलेलं पत्रक मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मुखपृष्ठावर एका लहान मुलीचा फोटो आहे. तिच्या हातात दुधाचा पेला आहे, पेला काठोकाठ भरलेला आहे आणि ती हसते आहे. आत आलेखाच्या चढत जाणाऱ्या रंगीत पट्ट्या आहेत, त्यांच्याखाली जगातल्या निरनिराळ्या देशांची नावं आहेत. कुटुंबाच्या हाती मदत दिली की ती बायकांपर्यंत आणि मुलांपर्यंत पोचतेच, असं चांगल्या इंग्रजीत लिहिलं आहे. हे पत्रक काढणाऱ्या संस्थेत काम करायला जावं का, असं धाकटीनं विचारलं आहे.

मला त्या वाक्याचा संशय येतो. पत्रक लिहिणारी माणसं लबाड असतील असं मी म्हणत नाही. पण अशा पट्ट्यांसाठी लागणारे आकडे मीही एके काळी लिहून दिलेले आहेत, आणि त्यातले काही खोटे होते. हे मी तुमच्या आजोबांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तुमचे आजोबा शेतकी खात्यात होते आणि मलकापूरच्या पुढे एका खेड्यात आम्हाला सरकारी घर मिळालं होतं. मी नागपूरला बी.ए. झालेली, त्या गावात इंग्रजी वाचणारी एकटी बाई. त्यामुळे परदेशातून दूधभुकटीची पोती आली तेव्हा ती आमच्याच पडवीत उतरवली गेली. सोबत वजनाची कार्डं होती. दर पंधरा दिवसांनी मुलाचं वजन करायचं, कार्डावरच्या रेघेखाली भरलं तर भुकटी द्यायची. सलग दोनदा रेघेच्या वर गेलं की त्याचं नाव काढून दुसऱ्या बारीक मुलाचं घालायचं. नियम मला आवडला. मला नियम आवडतातच, तुम्हाला ठाऊक आहे.

काटा मलकापूरच्या एका कापूस व्यापाऱ्यानं दिला होता. आकड्याला टांगून गाठोडी तोलायचा, नवा, किलोचा. कार्डं मात्र पौंडाची होती आणि गावातल्या बायका शेराशिवाय बोलत नव्हत्या. किलोचा पौंड मीच करायची, वहीत मीच लिहायची. माझा आकडा तपासू शकेल असं गावात कुणी नव्हतं. त्या वेळी याचा मला अभिमान वाटायचा.

बायकांना सगळ्याचाच संशय होता. भुकटी प्यायली की पुढे पोरींना मूल होत नाही, अशी बोलवा होती. तोललेल्या लेकराला नजर लागते, असंही होतं. सगळ्यांत जास्त संशय एका म्हातारीला होता. तिची जन्मभर कापसाची शेती. ती सुनेला आणि दीड वर्षाच्या नातीला घेऊन आली, आणि मी लुगड्याची झोळी काट्याला अडकवत असताना माझ्याभोवती एक फेरी मारून आली.

"काय बघता, आजी?"

"काही नाही. यापारी बोरीले खालून गुडघा लावते. शेतकऱ्याचा माल कमी भरते मंग. तुमी काय लावता ते पाहू राह्यली."

"मी काही लावत नाही."

"थो बी तसंच म्हने," म्हातारी म्हणाली, आणि ओट्यावरच्या बायका खदखदून हसल्या.

मुलगी सात किलोला थोडी कमी भरली. पायाच्या काड्या, पोट पुढे आलेलं, डोळे मोठे. मी कार्ड केलं, भुकटी दिली, उकळून गार केलेल्या पाण्यात कशी कालवायची ते सुनेला दाखवलं. सून मान हलवत होती, बोलत नव्हती.

पंधरा दिवसांनी काटा तिथंच. महिन्यानं तिथंच. दीड महिन्यानं जरा खालीच. बाकीची मुलं भरत चालली होती. मला वाटलं, भुकटी हॉटेलात विकतात. एके दिवशी दुपारी कढीपत्ता मागायच्या निमित्तानं मी त्यांच्या घरी गेले. निरोप न देता गेले, कारण निरोप दिला असता तर मला हवं ते दाखवलं गेलं असतं.

विकत नव्हते. मुलीचा मोठा भाऊ, असेल तीन-चार वर्षांचा, चांगला गुटगुटीत, पितळी पेल्यानं दूध पीत होता. मुलगी खाली बसून पाण्यात भिजवलेली ज्वारीची भाकर चिवडत होती. सून मला पाहून चुलीकडे वळली. म्हातारी मात्र जागची हलली नाही.

"आजी, हे दूध कुणाच्या नावाचं आहे?"

"पोट्टीच्या."

"मग तो काऊन पितो?" तिकडे राहून माझ्याही तोंडात हे शब्द बसले होते.

"आता तुमीच सांगा बाई," ती शांतपणे म्हणाली. "पोट्टी बारीक हाये म्हनून तं दूध भेटते. थे जाड झाली का तुमी बंद करता. मंग पोट्ट्यानं काय प्यावं?"

तिला मी दुष्ट म्हणू शकले असते, आणि घरी येऊन तुमच्या आजोबांना तसंच सांगितलंही. पण दुष्टपणाच्या जोडीला त्यात माझा नियमही होता. त्या घरात मुलीच्या बारीक असण्याला आम्ही किंमत आणली होती. त्याआधी ती नुसतीच दुर्लक्षित होती, आता तिचं न भरणं घराच्या सोयीचं झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी भुकटी घरी देणं बंद केलं. सकाळी मुलांना आणायचं, माझ्या ओट्यावर माझ्यासमोर प्यायचं, आणि पेला संपला की पालथा करून दाखवायचा. बायका चिडल्या. "बाईले आमी चोट्ट्या वाटतो," असं मला ऐकू येईल एवढ्या आवाजात एक जण म्हणाली. तिचं खरं होतं. पण इतर मुलं आली. ही मुलगी आली नाही. ज्यात पोराचा वाटा नाही, त्यासाठी सकाळच्या कामातून सुनेला कोण सोडणार?

चार दिवस वाट पाहिली. गावातल्या बायकांकडून कळलं की मुलीला हगवण लागली आहे. अशा अंगाचं मूल पावसाळा काढत नाही, हे मी तिथं आधी एकदा पाहिलेलं होतं. पाचव्या दिवशी मी पुन्हा गेले, आणि म्हातारीशी सौदा केला. मुलीनं रोज माझ्याकडे येऊन आधी प्यायचं, मग एक डबा भुकटी घरी न्यायची. घरी ती कोण पितं ते मी विचारणार नाही.

"आन् पोट्टी भरली तं?"

"ते मी बघते."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कशी पाहान?"

"बघते म्हटलं ना, आजी."

सून रोज येऊ लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओट्यावर दुसरं कुणी नसताना ती प्रथमच माझ्याशी बोलली. "बाई, तिले मोठ्या पेल्यात द्या," एवढंच. मी मोठा पेला काढला.

मुलगी भरत गेली. तीन महिन्यांत काटा नऊच्या पुढे गेला. मी वहीत साडेसात लिहिलं, त्याचे पौंडही बिनचूक केले, आणि सुवाच्य अक्षरात कार्डावर उतरवले. माझ्या आयुष्यात तोवर मी वाण्याच्या यादीतही चुकीचा आकडा लिहिला नव्हता. रांगेतल्या एका मुलाची जागा ही मुलगी अडवून बसली आहे, हेही मला कळत होतं. ते मूल कोणतं, ते मी कधी शोधलं नाही.

मग एके दिवशी जीप आली. पाहणी करायला परदेशातून एक बाई आली होती, जिल्ह्याचे एक साहेब सोबत. माझं इंग्रजी ऐकून तिला इतका आनंद झाला की मला खजील व्हायला झालं. तिनं वही पाहिली, अक्षराचं कौतुक केलं. मग कार्डं हातात घेऊन एकेका मुलाकडे जाऊ लागली. या मुलीपाशी थांबली. कार्ड पाहिलं. मुलीला पाहिलं. मग कार्ड काखेत धरून तिनं मुलीला उचललं, कडेवर घेतलं, जरा झेलल्यासारखं केलं. तिच्या हातांना वजन कळत होतं.

"हे कार्ड या मुलीचं नाही," ती इंग्रजीत म्हणाली.

"तिचंच आहे," मी म्हटलं.

"मग माझ्यासमोर पुन्हा वजन करा."

बायकांना शब्द कळले नव्हते, पण काखेतलं कार्ड आणि माझा चेहरा कळला असणार. काटा खरा बोलला तर मुलीचं नाव जाणार होतं, आणि नाव गेलं की ती पुन्हा त्या भिजवलेल्या भाकरीपाशी जाऊन बसणार होती. मी मुलीला झोळीत घातलं आणि झोळी काट्याला अडकवली. मुलगी रडायला लागली.

"पोट्टी भेते," म्हातारी गर्दीतून पुढे आली. "सरका. मले धरू द्या."

ती झोळीला लागून उभी राहिली, एक हात मुलीच्या डोक्यावर. तिच्या लुगड्याचा घोळ झोळीखाली होता. मी काट्याकडे पाहिलं. काटा हलला, थरथरला आणि साडेसातच्या जवळपास थांबला.

"साडेसात," मी मोठ्यानं वाचलं.

त्या बाईनं वाकून स्वतः पाहिलं आणि लिहून घेतलं. वही मिटताना तिची नजर खाली, लुगड्याच्या घोळाकडे गेल्यासारखी मला वाटली. तिला कळलं आणि तिनं सोडून दिलं, की कळलंच नाही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. तो साडेसाताचा आकडा मात्र जीपमध्ये बसून गेला, आणि पुढे कुठल्या तरी पट्टीत जाऊन बसला असेल.

जीप गेल्यावर मी म्हातारीला बाजूला घेतलं.

"आजी, गुडघा लावलात."

"हाव."

"कुणासाठी? नातीसाठी, का डब्यासाठी?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमी इतके दिस वहीत लिवत व्हत्या," ती म्हणाली, "तवा म्या इचारलं का, कोनासाठी म्हनून?"

तिला माहीत होतं. आकडा वाचता न येणाऱ्या त्या बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण ती रोज त्या मुलीला उचलत होती.

तर धाकटे, माझं मत तू विचारलंस. कामाला जायचं असेल तर जा. मुली उपाशी राहतात हे खरं आहे, आणि ते फक्त आपल्याकडे होतं असंही मला वाटत नाही. त्या पत्रकातल्या प्रत्येक देशात एखादी म्हातारी असेल, आणि वही सांभाळणारी माझ्यासारखी एखादी शिकलेली बाईही असेल. पण 'कुटुंबाला दिलं' असं कुणी म्हणालं की तिथं थांब. कुटुंब दूध पीत नाही. कुटुंबातलं कुणीतरी एक पितं, आणि ते कोण ते आपल्याला दाखवलं जात नाही. आकड्यांवर विश्वास ठेवू नकोस, माझ्यासारख्यांनी लिहिलेल्या तर मुळीच नको. शक्य असेल तिथं मुलीला उचलून बघ.

म्हातारीनं गुडघा कुणासाठी लावला, हे मला कधीच समजलं नाही. दुसऱ्या दिवशी सुनेऐवजी ती स्वतःच मुलीला घेऊन आली. पेला संपेपर्यंत उभी राहिली आणि मग डबा पुढे केला. त्यानंतर आमची बदली होईपर्यंत तीच येत राहिली, डबा विसरली असं एकदाही झालं नाही. मुलगी तोवर चालायला लागली होती. ओट्याच्या दोन पायऱ्या हात टेकून चढायची, मोठा पेला दोन्ही हातांनी तोंडाला लावायची, आणि मी काही म्हणायच्या आत तो फरशीवर पालथा घालून माझ्याकडे बघायची.