किल्ल्यावरचं पान

थिओफिलस क्वाशी कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या कॅरियाकू बेटावरचा नावाजलेला होडी बांधणारा. साठी ओलांडली तरी डोंगरावरच्या किल्ल्यात त्याने कधी पाय ठेवला नव्हता. लहानपणी आमच्या शाळेची सहल वर गेली तेव्हा तो दाराशी गाढवं राखत बसला होता, मी शेजारीच होतो. पुढे किल्ल्याची डागडुजी झाली आणि मोठ्या दरवाजाचं काम त्यालाच मिळालं. त्याने दरवाजा आपल्या अंगणात घडवला, ट्रकवर चढवला आणि बसवायला दुसरी माणसं पाठवली.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या आजीच्या पणजोबांचा भाऊ गुलामीच्या काळात तो किल्ला बांधताना दगड वाहत होता. वरच पडला, वरच मेला. कुठे पुरलं, पुरलं तरी की नाही, कोणी सांगितलं नाही. नावसुद्धा मागे राहिलं नाही.

आणि थिओच्या मुलीने, जोनेलने, लग्नाचं जेवण नेमकं तिथे ठरवलं. वरून दोन्हीकडचा समुद्र दिसतो, शिवाय नवऱ्याकडची माणसं शेजारच्या ग्रेनाडा बेटाहून येणार होती, एवढ्यांना घरचं अंगण पुरलं नसतं. थिओने रंधा खाली ठेवला नाही. चर्चमध्ये तुझा हात धरून नेईन म्हणाला, वर मात्र येणार नाही. जोनेलही त्याचीच मुलगी. तिने जागा बदलली नाही. आठवडाभर बापलेक एका टेबलावर जेवले, पण मीठ मागण्यापलीकडे बोलणं नव्हतं.

शेवटी एस्मी आत्याने दोघांना बोलावलं. ही थिओच्या बापाची बहीण, नव्वदीच्या पुढची, आणि थिओने ती गोष्ट जिच्याकडून ऐकली त्या आजीची मुलगी. म्हातारी थिओचीच बाजू घेणार अशी आमची खात्री. मी तिच्या ओट्यावर मासे पोचवायला गेलो होतो, तो तिथेच बसून राहिलो.

तिने आधी पूर्वजांच्या पानाचं विचारलं. आमच्याकडे लग्न असो की होडी पाण्यात सोडायची असो, गेलेल्यांसाठी पान वाढल्याशिवाय कोणी घास घेत नाही. जोनेल म्हणाली, घरी वाढू, नेहमीसारखं.

"घरी सगळे दरवेळी येतात, जेवतात," आत्या म्हणाली. "तो एकटा वर आहे. त्याला आजवर कोणी वाढलंय?"

थिओ ओट्याचा खांब चाचपू लागला.

"का रे, ताट घेऊन डोंगर मी चढू? या गुडघ्यांनी?"

"तसं नाही, आत्या."

"मग कसं? इतकी वर्षं तू त्याच्यासाठी रुसून बसलास. रुसण्याने कोणाचं पोट भरत नाही, बाबा."

थिओ उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात होडीची फळी कापून एक बुटकं टेबल तयार होत होतं. जोनेलने ते पाहिलं, पण विचारलं नाही. फक्त त्याच्यासाठी कोको चहा करून ठेवला.

लग्नाच्या दुपारी टेबल डोक्यावर घेऊन तो चढला. ताट जोनेलच्या हातात होतं: भात, मक्याच्या पिठाचे गोळे, कोंबडी, पाव आणि शेजारी रमचा पेला. स्वतः घडवलेल्या दरवाजाशी तो थांबला. जोनेलही थांबली, नवरीचा पोशाख मुठीत धरून. मागे वऱ्हाड उन्हात ताटकळत होतं. मग तो आत गेला.

पान कुठे मांडायचं, हा प्रश्न होता. तो माणूस कुठे पडला, कोणाला माहीत? थिओ भिंतीला हात लावत लावत सगळा किल्ला फिरला. उत्तरेच्या कोपऱ्यात वारा होता, तिथून खाली होड्यांचा किनारा दिसत होता. तिथे त्याने टेबल टेकवलं, पांढरं कापड घातलं, मेणबत्ती लावली. ती वाऱ्याने विझली, त्याने पुन्हा लावली.

हाक काय मारायची, इथे तो अडला. नाव नव्हतंच. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"दादा, मी थिओ," तो म्हणाला. "पोरीचं लग्न आहे. जेवून घे."

जोनेल त्याच्या खांद्याला लागून उभी होती. डोळे पुसताना तिचं काजळ गालावर आलं, तर तो म्हणाला, "फोटोवाल्याकडे आता नको बघूस." ती हसली तेव्हा तो अबोल्याचा आठवडा संपला असं मला वाटलं.

मग ढोल वाजले. आमच्या रीतीप्रमाणे झेंडे घेऊन नाचणारे नाचले, केकही नाचत आणला. थिओ दोनदा नाचला, एकदा लेकीबरोबर, एकदा विहीणबाईंबरोबर, आणि दर थोड्या वेळाने कोपऱ्यात जाऊन मेणबत्ती पाहून येत होता.

सकाळी ताट आणायला तोच गेला. ते रिकामं होतं. बकऱ्यांनी खाल्लं असेल, असं मी म्हटलं. खाल्लं ना, एवढंच तो म्हणाला आणि ताट धुवायला खाली घेऊन आला.

टेबल मात्र अजून वरच आहे. ते हलवा म्हणून किल्ल्याचा राखणदार भेटला की सांगतो. थिओ दरवेळी हो म्हणतो. परवा मात्र तो रंगाचा डबा घेऊन वर गेला, समुद्राच्या हवेने टेबलाचे पाय सोलपटले म्हणे.